सांध्याची जबाबदारी कोणाची?

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी इथेरियमच्या होलेस्की या चाचणीच्या नेटवर्कवर ‘पेक्ट्रा’ ही सुधारणा लागू झाली आणि थोड्याच वेळात साखळी दुभंगली. बहुसंख्य संगणक एका चुकीच्या ब्लॉकला बरोबर मानून पुढे निघाले. जे थोडे अडून राहिले तेच खरे तर नियमाला धरून होते. ब्लॉक कायमचे पक्के होण्याची क्रिया, म्हणजे फायनॅलिटी, बंद पडली ती १० मार्चपर्यंत सुरळीत झाली नाही. मुळाशी गेल्यावर सापडला तो एक पत्ता. इथेरियमवर ईथर तारण ठेवून ब्लॉक तपासण्याचे काम घेणाऱ्यांच्या, म्हणजे व्हॅलिडेटरच्या, ठेवी एका ठरावीक कॉन्ट्रॅक्टमध्ये जमा होतात. होलेस्कीवर त्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मुख्य नेटवर्कहून वेगळा होता; लक्षात ठेवायला इतका सोपा की ४२ हा आकडा ओळीने वीस वेळा लिहिला की झाले. गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन क्लायंट सॉफ्टवेअरमध्ये होलेस्कीपुरता हा पत्ता नीट भरलेला नव्हता.

हा पत्ता गुपित नव्हता. इथेरियमचा नोड १५ सप्टेंबर २०२२च्या ‘मर्ज’ या सुधारणेपासून दोन प्रोग्रॅम मिळून चालतो: एक व्यवहार चालवून हिशेब ठेवतो, दुसरा कोणता ब्लॉक ग्राह्य धरायचा यावर एकमत घडवतो. ठेवींची दखल घेणे हे इतकी वर्षे दुसऱ्या, म्हणजे एकमताच्या बाजूचे काम होते आणि त्या बाजूला होलेस्कीचा पत्ता ठाऊक होता. पेक्ट्रामधल्या ईआयपी-६११० या प्रस्तावाने ठेवी वाचण्याचे काम पहिल्या बाजूकडे सोपवले. काम हद्द ओलांडून गेले, पण त्या कामाला लागणारी एक ओळ सगळ्यांपर्यंत पोहोचली नाही. प्रस्तावात मुख्य नेटवर्कचा पत्ता होता, होलेस्कीचा पत्ता होलेस्कीच्या स्वतःच्या मांडणीत होता. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते.

ब्लॉकचेनच्या अवाढव्य तांत्रिक दस्तऐवजांची विभागणी हा विषय सहसा संपादकीय नीटनेटकेपणाचा मानला जातो. एक फाइल फार मोठी झाली, तिच्या दहा करा, वर अनुक्रमणिका लावा. होलेस्कीची घटना या समजुतीच्या विरोधात साक्ष देते. बँकेच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका चुकली तर बँक आहे, तिचे मुख्यालय आहे, शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेले आहे. सार्वजनिक ब्लॉकचेनमध्ये असा शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या भाषांत कोड लिहिणारे गट एकाच नियमावलीवरून आपापला क्लायंट बांधतात. त्या सगळ्यांनी एका ब्लॉकला एकच उत्तर दिले पाहिजे. तिथली नियमावली म्हणजे करारच असतो, आणि करार कुठे कापायचा हा करारातल्या मजकुराइतकाच गंभीर प्रश्न आहे.

मुळात नियमावलीच नसेल तर काय होते, हे बिटकॉइनने दाखवले आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेला निबंध अवघा नऊ पानांचा. त्यात कल्पना आहे, पण क्लायंट लिहायला पुरेल असा तपशील नाही. तपशील कोडमध्ये होता आणि कोड हाच नियम मानला गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या बिटकॉइनच्या ०.८ या आवृत्तीने माहिती साठवण्यासाठी बर्कलीडीबीऐवजी लेव्हलडीबी वापरायला घेतले. ११ मार्चला एक मोठा ब्लॉक तयार झाला. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला, जुन्या आवृत्तीने नाकारला. बर्कलीडीबी एका वेळी किती लॉक घेऊ शकते याला मर्यादा होती. ही मर्यादा नेटवर्कचा नियम म्हणून कोणीही कधी लिहिली नव्हती, तरी ती नियमासारखी काम करत होती. साखळीला दोन फाटे फुटले. मोठ्या मायनिंग पूलनी ०.७ वर परत जाऊन, लांब झालेली साखळी सोडून देऊन नेटवर्क एकत्र आणले. या घटनेचा अहवाल बीआयपी-५० या क्रमांकाने जपलेला आहे. एका डेटाबेसची अंगभूत मर्यादा चलनाचा नियम होऊन बसते, आणि ती मोडली जाईपर्यंत कोणाला तिचा पत्ता नसतो. ‘कोड हेच डॉक्युमेंटेशन’ हे वाक्य अभिमानाने उच्चारणाऱ्यांनी हा अहवाल एकदा तरी वाचावा.

इथेरियमने दुसरा मार्ग घेतला. गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये ‘यलो पेपर’ लिहिला. ग्रीक अक्षरांनी भरलेला, गणिती भाषेतला, एकसंध. वाचायला कठीण, पण एका बैठकीत नाही तरी एका माणसाच्या आवाक्यातला. एकसंध दस्तऐवजाचे सामर्थ्य त्यात पुरेपूर दिसते: तिथे सांधे नाहीत, त्यामुळे सांध्यातून गळण्यासारखेही काही नाही. अडचण बदलाची. नेटवर्क बदलत गेले आणि प्रत्येक बदल स्वतंत्र ईआयपी म्हणून लिहिला जाऊ लागला. व्यवहारासोबत पाठवलेल्या माहितीच्या प्रत्येक शून्येतर बाइटसाठी किती गॅस (शुल्क मोजण्याचे एकक) लागतो, एवढा साधा प्रश्न घ्या. मूळ उत्तर ६८. इस्तंबूल सुधारणेत, डिसेंबर २०१९ मध्ये, ईआयपी-२०२८ ने ते १६ केले. मे २०२५ मध्ये मुख्य नेटवर्कवर आलेल्या पेक्ट्रामध्ये ईआयपी-७६२३ ने आणखी एक अट घातली: माहितीचा भार मोठा आणि इतर काम थोडे असेल तर बाइटमागे किमान ४० चा दर लागेल. तिन्ही कागद खरे आहेत. पण एकच कागद हाती लागलेला वॉलेटवाला चुकीचा हिशेब करेल.

महाराष्ट्रात जमिनीशी संबंध आलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. त्यात काय बदलले, कधी, कशामुळे, हे क्रमाने नोंदवलेले असते. सातबारा त्या सगळ्या फेरफारांनंतरची आजची स्थिती सांगतो आणि सोबत फेरफारांचे क्रमांक देतो. ईआयपी हे फेरफार आहेत. जमीन घेणाऱ्याला मात्र सातबारा हवा असतो, आणि तलाठ्याने नुसती नोंदवही पुढे ढकलली तर त्याचे काम होत नाही.

इथेरियमच्या दोन बाजूंनी या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. एकमताच्या बाजूची नियमावली मार्कडाउन फाइलींमध्ये आहे आणि त्यातच चालवता येईल असा पायथन कोड आहे. फेज झिरो, आल्टेअर, बेलाट्रिक्स, कपेला, डेनेब, इलेक्ट्रा अशा टप्प्यांची स्वतंत्र दालने आहेत आणि प्रत्येक दालनात विषयवार फाइली: बीकन साखळीचे नियम एकीकडे, फाट्यांतून निवड कशी करायची ते दुसरीकडे, नोडचे आपसातले दळणवळण तिसरीकडे, व्हॅलिडेटरने काय करायचे ते चौथीकडे. नव्या दालनात फक्त जे बदलले तेवढेच लिहिले जाते. व्हॅलिडेटरची साक्ष तपासणारे फंक्शन आल्टेअरमध्ये बदलले, डेनेबमध्ये बदलले, इलेक्ट्रामध्ये पुन्हा बदलले. आज ते कसे चालते हे कळायला वाचकाने थरावर थर मनात रचायचे.

व्यवहार चालवणाऱ्या बाजूची पायथन नियमावली नेमकी उलट आहे. तिथे प्रत्येक सुधारणेनंतर संपूर्ण नियमांची पूर्ण नवी प्रत ठेवली जाते. जे बदलले नाही तेही पुन्हा लिहिले जाते. कोड लिहिणाऱ्याच्या संस्काराला हे पटत नाही, कारण पुनरुक्ती टाळा हा त्याचा पहिला धडा. तरीही वाचकाच्या बाजूने पाहिले तर हाच निर्णय शहाणपणाचा आहे. लंडन सुधारणेच्या वेळी नियम काय होता, हे विचारणाऱ्याला लंडनचे दालन उघडले की अख्खे उत्तर मिळते. दोन दालने शेजारी ठेवली की फरकही मिळतो. एकमताच्या बाजूलाही ही गरज जाणवलेली आहेच. तिथले बिल्डचे साधन थर एकत्र करून प्रत्येक टप्प्याचा पूर्ण पायथन मॉड्यूल तयार करते. पण ते यंत्रासाठी. माणसाला वाचायला तसेच काही हवे, म्हणून बेन एजिंग्टन यांनी ‘अपग्रेडिंग इथेरियम’ हे भाष्यासह पुस्तक लिहिले आणि कित्येकांनी नियमावली त्या पुस्तकातून समजून घेतली. लिहिणाऱ्याने फरक लिहावा, वाचणाऱ्याला पूर्ण प्रत मिळावी आणि मधले काम यंत्राने करावे, हीच खरी वाटणी. ती न करता केलेली विभागणी लेखकाचे ओझे उतरवून वाचकाच्या डोक्यावर ठेवते.

आता कापायचे कुठे? या प्रश्नावरचा सर्वांत उपयोगी लेख ब्लॉकचेनच्या किती तरी आधीचा आहे. डिसेंबर १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रणालीचे मॉड्यूल कोणत्या निकषावर पाडावेत यावर लिहिले. ओळींची शब्दवार सूची करणारा छोटा प्रोग्रॅम घेऊन त्यांनी त्याचे दोन प्रकारे तुकडे केले. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: आधी वाचन, मग फिरवणे, मग क्रम लावणे, मग छपाई. दुसऱ्यांदा असे, की पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात राहील. पहिल्या विभागणीत माहिती साठवण्याची पद्धत बदलली की सगळे मॉड्यूल हलत; दुसऱ्या विभागणीत एकच हले. पार्नास बोलत होते कोडबद्दल, पण त्यांचे म्हणणे दस्तऐवजांना जसेच्या तसे लागू पडते. जे एकत्र बदलते ते एकत्र ठेवावे. विषय सारखा दिसतो एवढ्यावर जाऊ नये.

हा धडा इंटरनेटच्या प्रमाणकारांना स्वतः गिरवावा लागला. एचटीटीपी १.१ चे जून १९९९ मधले प्रमाण, आरएफसी २६१६, १७६ पानांचे होते. जून २०१४ मध्ये त्याचे सहा भाग झाले: संदेशाची रचना, अर्थ, सशर्त विनंत्या, अंशतः विनंत्या, कॅशिंग, ओळख पटवणे. विषयवार, सुबक विभागणी. पण आठच वर्षांत, जून २०२२ मध्ये, मांडणी पुन्हा बदलली. सशर्त विनंत्या, अंशतः विनंत्या आणि ओळख हे भाग अर्थाच्या दस्तऐवजात परत विलीन झाले. कॅशिंग वेगळे राहिले. आणि खरी फाळणी दुसरीकडे पडली: एचटीटीपीच्या सगळ्या आवृत्त्यांना सामाईक असलेला अर्थ एकीकडे, आणि १.१, २ व ३ या आवृत्त्यांचे तारेवरचे स्वरूप तीन वेगळ्या दस्तऐवजांत. मधल्या काळात आवृत्ती २ आली होती, ३ येऊ घातली होती. अर्थ कायम राहतो आणि स्वरूप बदलते, हे अनुभवाने कळले होते. टीसीपीची कथा याहून लांब. सप्टेंबर १९८१ मधल्या आरएफसी ७९३ वर दुरुस्त्यांचे इतके कागद साचले की कोणते वाचावेत हे सांगण्यासाठी २००६ मध्ये एक आणि २०१५ मध्ये दुसरा मार्गदर्शक दस्तऐवज काढावा लागला. मूळ दस्तऐवज दुरुस्त्यांसह पुन्हा एकसंध लिहिला गेला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी. इथेरियमसारखी ब्लॉकचेन नेटवर्क वर्षा-दीड वर्षाने नियम बदलतात. त्यांना एवढी उसंत नाही.

बिटकॉइनवर उभारलेल्या लाइटनिंग नेटवर्कची नियमावली या दृष्टीने फार चांगली कापलेली आहे. २०१६ मध्ये मिलान इथे वेगवेगळ्या क्लायंटचे लेखक एकत्र बसले आणि ‘बोल्ट’ या नावाची क्रमांकित दस्तऐवजमाला आकाराला आली. बोल्ट २ मध्ये दोन नोडनी चॅनेल कसे उघडायचे आणि चालवायचे याचा संवाद आहे, बोल्ट ३ मध्ये व्यवहारांची नेमकी रचना, बोल्ट ४ मध्ये थरांच्या वेष्टनातून मार्ग काढणे, बोल्ट ८ मध्ये सांकेतिक वाहतूक, बोल्ट ११ मध्ये बिलाचे स्वरूप. सहावा क्रमांक रिकामा आहे. तिथला तात्पुरता दस्तऐवज कालबाह्य झाला, त्याचे काम सातव्याने घेतले, पण पुढचे क्रमांक मागे सरकवले नाहीत. जुने संदर्भ त्यामुळे आजही योग्य जागी जातात. छोटी गोष्ट, पण दस्तऐवज दीर्घकाळ सांभाळण्याची जाण तिच्यात आहे.

तरीही २०१९ मध्ये इथेच मोठी चूक उघडकीस आली. चॅनेल उघडताना एक पक्ष सांगतो की अमुक व्यवहारात अमुक रक्कम मी टाकली आहे. समोरच्याने तो व्यवहार साखळीवर पक्का झाल्याचे पाहायचे आणि त्यात खरोखरच तेवढी रक्कम ठरलेल्या स्क्रिप्टला दिली आहे, हेही तपासायचे. ही दुसरी तपासणी करावीच लागेल, असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले नव्हते. सी-लाइटनिंग, एलएनडी आणि एक्लेर या तिन्ही प्रमुख क्लायंटच्या तेव्हाच्या जुन्या आवृत्त्यांत ती पुरी होत नव्हती. म्हणजे खोटे चॅनेल उघडून पैसे लुबाडता आले असते. रस्टी रसेल यांच्या ही त्रुटी लक्षात आली, क्लायंट आधी दुरुस्त केले गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण तपशील जाहीर झाला. तीन स्वतंत्र गट एकाच जागी चुकतात तेव्हा दोष प्रोग्रॅमरच्या हलगर्जीपणाचा म्हणता येत नाही. संवाद बोल्ट २ मध्ये होता, व्यवहाराचे स्वरूप बोल्ट ३ मध्ये होते. ‘या संवादात जे सांगितले ते त्या स्वरूपाशी ताडून पाहा’ हे वाक्य दोहोंच्या मधले होते. असे वाक्य कोणत्याही एका दस्तऐवजाच्या लेखकाला आपले वाटत नाही, म्हणून ते लिहायचे राहून जाते.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते की संस्था जशी विभागलेली असते तशीच तिने रचलेली प्रणाली विभागली जाते. दस्तऐवजही त्याच रेषांवर फाटतात, कारण लिहिणारे गट तिथेच वेगळे होतात. यावर उपाय एकच: सांधा हाच स्वतंत्र मॉड्यूल करायचा. इथेरियमने मर्जच्या वेळी हे एका ठिकाणी केले. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतील, कोणता संदेश कधी जाईल, उत्तर काय येईल आणि चूक झाली तर काय, हे ‘इंजिन एपीआय’ या नावाने वेगळे लिहिले गेले. पॅरिस, शांघाय, कॅनकून, प्राग अशा प्रत्येक सुधारणेबरोबर त्याचाही स्वतंत्र अध्याय लिहिला जातो. दोन्ही बाजूंचे लोक तो वाचतात आणि त्यावर भांडतात. होलेस्कीच्या पत्त्याला मात्र असे घर नव्हते. तो संदेश नव्हता, नियम नव्हता. तो नेटवर्कगणिक बदलणारा एक आकडा होता, आणि अशा आकड्यांकडे दस्तऐवज लिहिणारे सर्वांत कमी लक्ष देतात.

या आकड्यांचे महत्त्व मुंबईच्या नावाने शिकता येते. २०१७ मध्ये भारतीय तरुणांनी सुरू केलेल्या आणि पुढे पॉलिगॉन झालेल्या मॅटिक नेटवर्कच्या चाचणी-साखळीचे नाव ‘मुंबई’ होते, तिचा क्रमांक ८०००१. ती इथेरियमच्या गोअर्ली या चाचणी-नेटवर्कवर टेकलेली होती. गोअर्ली मिटवले गेले तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, मुंबईही बंद झाली. तिच्या जागी सेपोलिया या दुसऱ्या चाचणी-नेटवर्कवर टेकलेली ‘अमॉय’ आली, क्रमांक ८०००२. कॉन्ट्रॅक्ट कसे लिहायचे हे शिकवणारा मजकूर तोच राहिला, तरी ज्या ज्या धड्यात ८०००१ थेट लिहिला होता तो प्रत्येक धडा त्या दिवशी निकामी झाला. संकल्पना वर्षानुवर्षे टिकतात, नियम एका सुधारणेपुरते, आणि पत्ते व क्रमांक त्याहून कमी. तिघांना एका पानावर बसवले की पानाचे आयुष्य सर्वांत अल्पायुषी ओळीइतके होते.

हा प्रश्न अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची पडताळणी पॉलिगॉनच्या साखळीच्या आधारे करता यावी असा उपक्रम हाती घेण्यात आला. जात प्रमाणपत्र शाळेतल्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत लागते, म्हणजे त्याची पडताळणी दहा-वीस वर्षांनीही करता आली पाहिजे. त्या वेळी तपासणाऱ्या कारकुनाला किंवा त्याच्यासाठी साधन बांधणाऱ्याला २०२२ मध्ये नोंद कोणत्या नियमाने झाली हे शोधावे लागेल. फक्त ‘आजचे’ पान असलेला दस्तऐवज त्याच्या उपयोगाचा नाही, आणि फक्त दुरुस्त्यांची रास असलेलाही नाही.

आता शोधयंत्रे आणि भाषा-मॉडेल हवा तो परिच्छेद क्षणात काढून देतात, मग मांडणीची एवढी चिंता कशाला, असा आक्षेप हल्ली ऐकू येतो. त्याचे उत्तर गॅसच्या आकड्यात आहे. ६८, १६ आणि ४० असलेले तिन्ही परिच्छेद सापडतील; त्यातला कोणता कोणत्या सुधारणेपासून लागू आहे हे परिच्छेदावर लिहिलेले नसेल तर यंत्रही तसेच चुकेल, आणि जास्त आत्मविश्वासाने चुकेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुकडे झाले की संपूर्ण नेटवर्क एका डोक्यात धरणारी माणसे कमी होत जातात, आणि सांध्यातल्या चुका अशीच माणसे पकडतात. हे खरे आहे. म्हणून विभागणीसोबत सर्व तुकड्यांतून जाणारा एखादा पूर्ण प्रवास लिहिणे ऐच्छिक मानू नये: एक व्यवहार वॉलेटमधून निघाल्यापासून पक्का होईपर्यंत, कोणत्या टप्प्यावर कोणता दस्तऐवज लागू होतो यासह. असे लेखन कंटाळवाणे आणि कष्टाचे असते. बहुतेक नेटवर्कचे प्रतिष्ठान संशोधनावर, परिषदांवर, स्पर्धांवर खर्च करते. या लेखनासाठी पगारी माणूस ठेवणारे थोडे.

पुण्या-मुंबईतले कितीतरी तरुण अभियंते आज अशा नेटवर्कच्या दस्तऐवजांवर काम करतात किंवा त्यांत दुरुस्त्या सुचवतात. मोठी फाइल फोडण्याचे काम तुमच्याकडे आले तर फाइली कापण्याआधी कोणती ओळ कोणत्या दोन भागांच्या मध्ये पडते याची यादी करा, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ती सांभाळणाऱ्याचे नाव लिहून घ्या. नाव मिळत नसेल तर तो भाग अजून कापू नका.